गोठा, गच्ची की गाळा?

वाचकाचं पत्र

सर, सप्रेम नमस्कार.

मी पारोळा तालुक्यातल्या एका गावात राहते आणि तिथल्याच हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवते. आधी ए.टी.डी. ही कलाशिक्षकाची पदविका केली, मग पेंटिंगमध्ये जी.डी. आर्ट. लग्नाला ९ वर्षं झाली, दोन मुलं आहेत. चित्र काढणं सोडलेलं नाही. पण रात्री जेवणं आटोपली की हॉलमध्ये चटई टाकून काम करायचं आणि झोपण्याआधी सगळं आवरून पलंगाखाली सरकवायचं, असं चाललंय. मोठं तैलचित्र या ९ वर्षांत एकही पुरं झालं नाही. यंदा ठरवलंय की स्वतःची जागा करायचीच. त्यासाठी ४० हजार रुपये बाजूला काढलेत.

तीन पर्याय आहेत. पहिला, गच्चीवरची पत्र्याची खोली. १० बाय १२ ची आहे, आता तिथे अडगळ भरलीय, खिडकी पश्चिमेला. दुसरा, पारोळ्याच्या बाजारातला एक गाळा, भाडं महिन्याला ४ हजार. तो मिस्टरांना पसंत आहे, कारण तिथे क्लासही घेता येतील. तिसरा, घरामागचा बैलांचा गोठा. गेल्या वर्षी जोडी विकली, तेव्हापासून रिकामा आहे. मातीच्या जाड भिंती, वर धाबं, म्हणजे मातीचं सपाट छत, १० बाय १८ फूट. दार उत्तरेला, समोर कडुलिंब. सासऱ्यांना, म्हणजे नानांना, विचारलं तर ते फक्त "बघू" म्हणाले. सासूबाई म्हणतात, दिवाळीनंतर भाव येईपर्यंत कापूस तिथे ठेवता येईल. स्टुडिओला उत्तरेचा प्रकाश हवा असं शिकलेय. पण चित्रकाराला योग्य जागा म्हणजे नेमकी कशी, ते सांगाल का?

— एक कलाशिक्षिका

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी हातात पडलं. तिन्ही जागांचं वर्णन तुम्ही नीट केलंय, पण माझं मन अडकलं ते त्याआधीच्या ओळीत: "झोपण्याआधी सगळं आवरून पलंगाखाली सरकवायचं." मोठं चित्र ९ वर्षांत का पुरं झालं नाही, ते तुम्हीच तिथे सांगून टाकलंय.

मांडायला वीस मिनिटं, आवरायला वीस मिनिटं. ही चाळीस मिनिटं रोज जातात, ती निदान कळतात. त्याहून मोठं नुकसान लक्षात येत नाही. रात्री रंगवलेलं चित्र सकाळी, डोळा ताजा असताना, चहाचा कप हातात घेऊन दारातूनच पाहायचं असतं. चुकलेली रेघ, जड झालेला कोपरा, उगाच घातलेला निळा, सगळं त्या दोन मिनिटांत दिसतं. तुमचं चित्र त्या वेळी पलंगाखाली असतं. शिवाय ओला तैलरंग पलंगाखाली सरकवता येत नाही, म्हणून हळूहळू लहान, लवकर वाळणारी, सपाट ठेवता येतील अशी चित्रं तुमच्या हातून होऊ लागली असतील. माझ्या हातून झाली होती. जागा चित्राचं माप ठरवते आणि आपल्याला वाटतं की आपली आवडच तशी आहे.

म्हणून मी कुठलीही जागा बघताना आधी एवढंच विचारतो. अर्धं झालेलं काम तसंच उभं सोडून, बाहेरून कुलूप घालून भाकरी टाकायला जाता येईल का? आणि परत आल्यावर ब्रश जिथे ठेवला तिथेच सापडेल का? याचं उत्तर 'हो' असेल तर ती जागा चित्रकाराची. ऊन, धूळ, उजेड, फरशी यांतलं काहीच क्षुल्लक नाही, पण ते थोड्या पैशांनी आणि बऱ्याचशा कष्टांनी सुधारता येतं. ही एक गोष्ट मात्र नंतर आणता येत नाही.

तुम्ही चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचं घर पाहिलंय का? रेल्वे स्टेशनजवळ आहे, आता संग्रहालय म्हणून जपलंय. नसेल पाहिलं तर सुट्टीत मुलांना घेऊन जा. १९८९ मध्ये जाईपर्यंत, जवळजवळ पन्नास वर्षं, मूसजी त्या घराबाहेर क्वचितच पडले. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, त्यावर हवा तसा उजेड पाडून, त्यातून अख्खं दृश्य उभं करायचं आणि त्याचं छायाचित्र घ्यायचं, हे त्यांचं टेबल-टॉपचं काम जगभर नावाजलं गेलं. असल्या कामात कुणाच्या पदराचा नुसता धक्का लागून वस्तू बोटभर सरकली तरी दृश्य मोडतं. त्यांचं काम मुंबईत नाही, आपल्या चाळीसगावात झालं. मांडलेलं टेबल कुणी आवरायला सांगत नव्हतं, हे त्यामागचं एक कारण असावं असं मला ते घर पाहताना दर वेळी वाटतं.

आता गच्ची. ती खोली घेऊ नका. धुळ्याला असताना मी स्वतः ७ वर्षं पत्र्याखाली काम केलंय, म्हणून इतकं ठामपणे सांगतो. मे महिन्यात पॅलेटवर ॲक्रिलिक काढावं आणि ब्रश ओला करेपर्यंत त्यावर साय धरलेली असायची. एका उन्हाळ्यात ॲक्रिलिकचे सहा कॅनव्हास रंगाला रंग टेकवून रचले आणि लग्नासाठी आठवडाभर गावी गेलो. ॲक्रिलिकचा थर वरून सुकलेला वाटला तरी उष्णतेत मऊ पडतो, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. परत येऊन बघतो तर सगळे एकमेकांना चिकटलेले. ओढून सोडवताना एकाचं आभाळ दुसऱ्याच्या शेतावर उतरलं. सहापैकी चार चित्रं गेली. एका वर्षाचं काम होतं ते.

तैलरंगाला पत्र्याखाली वेगळाच धोका आहे. तैलरंग पातळ करायच्या टर्पेंटाइनची वाफ साधारण ३५ अंशांच्या पुढे ठिणगी मिळाली की पेट घेऊ शकते. भुसावळ-जळगावकडे उन्हाळ्यात सावलीतला पाराच ४४-४५ वर जातो, तुमच्याकडेही फार कमी नसतो. पत्र्याखालचं तापमान त्याच्या वर. तिथे उघडी बरणी आणि शेजारी जुनाट बोर्ड, हे चित्र मला बघवत नाही. त्यात खिडकी पश्चिमेची. दुपारी चारनंतर सगळा कॅनव्हास केशरी दिसेल. त्या उजेडात तुम्ही निळा-करडा वाढवत न्याल आणि सकाळी चित्र गारठलेलं सापडेल. जिन्याचं वळणही आठवून बघा, ४ बाय ५ फुटांचा कॅनव्हास त्यातून खाली उतरेल का? आणि मृगाआधीचा वारा. ज्या वाऱ्यानं रावेर-यावलकडच्या उभ्या केळीच्या बागा एका रात्रीत आडव्या होतात, त्याच्यापुढे चार हुकांवरचा पत्रा किती टिकणार?

गाळ्याबद्दल थोडक्यात सांगतो. ४ हजारांप्रमाणे तुमची सगळी बचत दहा महिन्यांत भाड्यातच संपेल, आणि करार असतो ११ महिन्यांचा. शटर वर केलं तर रस्ता, हॉर्न आणि धूळ आत येणार. खाली ओढलं तर उजेडही गेला, हवाही गेली. जवळ स्वच्छतागृह आहे का, हे बाईमाणसानं सगळ्यात आधी बघावं. पुष्कळ गाळ्यांना ते नसतं आणि भाडं ठरवताना कुणी त्याचा विषय काढत नाही. येणारे-जाणारे डोकावतील, कुणी दुकानाची पाटी रंगवून मागेल, कुणी लग्नाचं बॅनर. क्लासची कल्पना चांगली आहे आणि मिस्टरांचं म्हणणं चुकीचं नाही, पण क्लासची जागा आणि चित्राची जागा एक झाली की दर संध्याकाळी पुन्हा आवराआवर आलीच. क्लास शाळेच्या वर्गात रविवारी घेता येतो का ते मुख्याध्यापकांना विचारून बघा.

राहिला गोठा. मी तुमच्या जागी असतो तर डोळे झाकून गोठा घेतला असता. आता डोळे उघडे ठेवून त्यात काय काय बघायचं ते सांगतो.

उत्तरेच्या प्रकाशाची शिकवण आपल्याकडे युरोपातून आली. तिथे दुपारचा सूर्य बाराही महिने दक्षिणेच्या आभाळात असतो. उत्तरेच्या खिडकीतून ऊन येत नाही, नुसता आभाळाचा उजेड येतो, म्हणून सावल्या सरकत नाहीत आणि रंगही तासातासाला बदलत नाहीत. आपण साधारण २१ अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या खाली राहतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी आपली सावली पायाखाली गडप होते, तो शून्य सावलीचा दिवस तुम्ही शाळेत मुलांना दाखवतही असाल. तिथून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्याकडे किंचित उत्तरेलाच असतो. आणि मार्चपासून सप्टेंबरपर्यंत तो उगवतो ईशान्येकडे सरकून, मावळतो वायव्येकडे सरकून. म्हणजे तुमच्या उत्तरेच्या दारातून उन्हाळ्यात सकाळी आणि संध्याकाळी तिरपं ऊन आत येणारच. पुस्तकातलं वाक्य खरं आहे, फक्त आपल्याकडे त्याला डागडुजी लागते. दारावर दोन-अडीच फुटांचा छज्जा काढा. छज्जा डोक्यावरचं ऊन अडवतो, तिरपं अडवत नाही, म्हणून दाराच्या दोन्ही बाजूंना उभे आडोसे हवेत. बांबूच्या ताट्या चालतील. आतून मांजरपाटाचा पांढरा पडदा लावा. त्यातून गाळून आलेला उजेड इतका शांत असतो की पहिल्या दिवशी तुम्ही काम सोडून तोच बघत बसाल.

कडुलिंबाची सावली गारव्याला चांगली, पण पानांवरून परतलेला उजेड हिरवट असतो. तो किती हिरवट आहे हे आत्ताच बघून घ्या. गोठ्याच्या आतल्या भिंतीवर, जिथे ईझल, म्हणजे कॅनव्हासची घोडी, उभं राहील तिथे, एक मोठा पांढरा कागद चिकटवा. शेजारी करड्या रंगाचा एक पट्टा आणि त्वचेच्या रंगाचा एक पट्टा रंगवून लावा. सकाळी ८, ११, दुपारी २ आणि ५ वाजता समोर उभं राहून बघा आणि वहीत दोन शब्द लिहा. मोबाइलच्या फोटोवर विसंबू नका, तो रंग स्वतःच दुरुस्त करून दाखवतो. आठवडाभरात तुम्हाला त्या जागेचा उजेड शेजारणीसारखा ओळखीचा होईल. फार हिरवट वाटला तर झाड तोडू नका, दारासमोरच्या खालच्या दोन-तीन फांद्या छाटल्या की पुरे.

दारातून येणारा उजेड खालून आणि एका बाजूनं येतो. तो वरून आला तर कॅनव्हासवर चकाकी कमी पडते. जुन्या धाब्याच्या घरांत चूल उजळायला आणि धूर जायला छतात एक भोक, म्हणजे सानं, ठेवलेलं असायचं. तुमच्या गोठ्याला ते असेल, कदाचित कुणी फरशीनं बुजवलं असेल. असेल तर उघडा, त्यावर काच बसवा आणि काचेच्या दक्षिणेकडून एक फूटभर उंच आडोसा उभा करा. नसेल तर धाब्याला भोक पाडायच्या भानगडीत पडू नका, जुनी लाकडं दुखावतील. त्यापेक्षा दाराच्या वर, भिंतीत उंचावर, एक आडवी खिडकी काढून घ्या.

अजिंठ्याला तुम्ही कॉलेजच्या सहलीत गेला असाल. वाघूर नदीच्या नालासारख्या वळणात ती लेणी कोरलेली आहेत, त्यामुळे प्रत्येक लेण्याचं तोंड वेगळ्या दिशेला, आणि उजेडही ज्याच्या त्याच्या वेळेला आत शिरतो. तीच वाघूर पुढे आपल्या खान्देशात उतरून तापीला मिळते. पुढच्या वेळी चित्रांकडे बघण्याआधी दहा मिनिटं नुसतं दाराकडे पाठ करून उभं राहा आणि कुठल्या भिंतीवर उजेड कुठपर्यंत पोचतो ते बघा. जागेचा उजेड वाचायला याहून चांगली शाळा आपल्या जवळपास नाही.

आता मापाचं. चित्र नीट दिसायला त्याच्या कर्णाच्या निदान दुप्पट अंतरावर उभं राहावं लागतं. ४ बाय ५ फुटांच्या कॅनव्हासचा कर्ण जवळजवळ साडेसहा फूट, म्हणजे १३ फूट मागे जाता आलं पाहिजे. गच्चीवरच्या खोलीत तुम्ही बारा फुटांतच भिंतीला टेकला असता. गोठ्याची १८ फूट लांबी त्यासाठी सोन्यासारखी आहे. ईझल एका टोकाला ठेवा आणि मधली वाट मोकळी राहू द्या. पाठीमागच्या भिंतीवर एक आरसा टांगा. आरशात पाहिलं की अंतर दुप्पट होतं आणि चित्र उलटं दिसतं, मग रचनेतला कल लगेच पकडता येतो. गोठ्याचं दार बैल आत-बाहेर जाईल एवढं रुंद असतं, त्यामुळे कॅनव्हास बाहेर काढायची चिंताच नाही.

जाड मातीच्या भिंतींना मेमध्ये गारवा असतो, हे तुम्हाला सांगायला नको. पण गोठ्याच्या भिंतींनी वर्षानुवर्षं गोमूत्र प्यायलेलं असतं, खालचे दोन-तीन फूट लोणा धरलेला असणार. त्यावर सिमेंटचा गिलावा मारू नका. सिमेंट ओल आत कोंडतं आणि दोन पावसाळ्यांत पोपडा धरून पडतं. सुटी माती खरवडून काढा, मातीचाच गिलावा करा आणि वरून चुना द्या. चुन्याचा पांढरा डोळ्यांवर आला तर त्यात चिमूटभर काजळी मिसळून हलका करडा करा. गुलाबी, पोपटी असले रंग भिंतीला नकोत, ते चित्रावर सांडतात. दिवसा भिंतीच्या भेगा बघून बुजवून घ्या, जुन्या मातीच्या भिंतीत विंचू असतात. रात्री तिथे अनवाणी जायचं नाही.

धाब्यातून मातीचे कण सतत झरत असतात आणि ओल्या तैलरंगावर बसलेला कण निघत नाही. आपल्या आज्या देवघरावर कापडाचं छत बांधायच्या, तसंच मांजरपाटाचं छत ईझलच्या वर ताणून बांधा. वर्षातून दोनदा धुतलं की झालं. जमिनीला शहाबादी फरशी घाला. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते. कोबा तडकतो, फरशी मात्र उचलून पुन्हा बसवता येते. तीही सगळीकडे नको, ईझलच्या आणि तुमच्या पायाखालचा भाग झाला तरी या वर्षाला पुरे. झाडू कोरडा मारायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं.

गव्हाण काढून टाकू नका. तिच्यात फूट-फूट अंतरावर उभ्या पट्ट्या ठोकल्या की कॅनव्हास उभे ठेवायला तयार कप्पे झाले, जमिनीच्या ओलीपासून वर आणि भिंतीपासून सुटे. वाळवीवर मात्र नजर ठेवा. तैलचित्रं पूर्ण अंधारात महिनोन्‌महिने ठेवली तर जवसाचं तेल पिवळं पडतं, म्हणून त्यांना अधूनमधून उजेड दाखवत जा.

आणि सगळं काम एकाच ठिकाणी ठेवू नका. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यात ब्रिटिश चित्रकार रॉबर्ट गिल यांनी उमेदीची वर्षं घातली. त्यांची बहुतेक चित्रं १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. मग मुंबईच्या जे.जे. स्कूलचे ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन १८७२ पासून पुन्हा तेच काम करायला आले, आणि त्यांच्याही कितीतरी नकला १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. दोन वेळा, एवढ्या माणसांचे एवढे हात. हे आठवलं की मला अजून वाईट वाटतं. तुमची पुरी झालेली चित्रं घरात, शाळेत, माहेरी अशी वाटून ठेवा.

आगीचा विषय निघालाच आहे तर सासूबाईंच्या कापसाचं बोलू. भाव येईपर्यंत घरात कापूस साठवणं ही आपल्याकडची गरज आहे, ती मी नाकारत नाही. पण कापूस आणि तैलरंग एका छपराखाली राहू शकत नाहीत. तंतू ओल्या रंगावर बसतात, साठवलेल्या कापसानं अंगाला खाज सुटते, हे त्रास सोसता येतील. आग सोसता येणार नाही. जवसाच्या तेलानं माखलेली चिंधी चुरगाळून टाकली तर ती आतून तापत जाते आणि काडी न लावता पेटू शकते. आपल्या उन्हाळ्यात तर जास्तच. म्हणून प्रत्येक चिंधी एकेकटी पसरून बाहेर वाळवायची, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात टाकायची. हे सासूबाईंना समोर बसवून नीट समजावून सांगा. कापसाची गंजी पेटलेली त्यांनी आयुष्यात कुठेतरी पाहिली असेल, लगेच पटेल. त्या डोळ्यांनी बघितलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवणाऱ्या पिढीतल्या आहेत. कापसाला गच्चीवरची खोली द्या, अडगळ काढली की मावेल.

टर्पेंटाइनची वाफ हवेहून जड असते, खाली साचते. पंखा छताशी लावून तिचा निचरा होत नाही. दक्षिणेच्या भिंतीत खाली, गुडघ्याच्या उंचीवर, जाळी लावून एक झरोका ठेवा आणि दार उघडं ठेवून काम करा. एप्रिल-मेमध्ये कूलर लावलात तर त्यालाही दार उघडं लागतंच, दोन्ही कामं होतात. पावसाळ्यात मात्र कूलर बंद, नाहीतर कागदांना बुरशी धरेल. बरणीला झाकण, मुलांच्या हाताला लागणार नाही असा कोनाडा, आणि तिथे बसून खाणं-पिणं नाही. कॅडमियमचे विषारी रंग वापरत असाल तर हे नियम आईनं मोडायचे नसतात.

विजेला नवी वायर ओढून घ्या, जुन्या गोठ्याच्या वायरिंगवर काम करू नका. बाजारात 'व्हाइट' म्हणून मिळणारा दिवा बहुतेक ६५०० केल्विनचा असतो, तो रंगांना निळसर करतो. ४००० ते ५००० केल्विनचा, आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर असं खोक्यावर छापलेला दिवा मागा. पारोळ्यात नाही मिळाला तर जळगावहून आणा. दोन घ्या, दोन्ही एकाच जातीचे. एक पॅलेटवर, एक कॅनव्हासवर. यात पैसे वाचवू नका, कारण तुमचं निम्मं काम रात्रीच होणार आहे.

पैसे असे लावा: आधी धाबं, मग वीज, मग दार-खिडकी, मग चुना आणि फरशी. ईझल शेवटी, तेही गावातल्या सुताराकडून. दोन जाड पट्ट्या भिंतीला उभ्या ठोकून त्यावर खिळ्यांच्या आधारानं कॅनव्हास वर-खाली करता आला तरी चालतं. मी अजून तसंच काम करतो. ४० हजारांत हे बसावं. आणि या जागेलाही तिचे ऋतू असतील हे मान्य करा. उन्हाळ्याच्या सुट्टीत पहाटे साडेपाच ते दहा, बस. दुपारी लहान स्केचेस करा, कॅनव्हासला जेसो, म्हणजे रंगाखालचं पांढरं अस्तर, मारून घ्या, तो कडक उन्हात झरझर वाळतो. मोठी तैलचित्रं रंगवायला दसऱ्यानंतर घ्या. थंडीत थर हळू वाळतात, म्हणजे ओल्यात ओलं मिसळायला दिवस मिळतात.

आता नाना. तुम्ही त्यांच्या "बघू" ला नकार समजलात, असं तुमच्या पत्रावरून वाटलं. मला ते वेगळं ऐकू आलं. ज्या माणसानं आयुष्यभर पहाटे उठून त्या गोठ्यात वैरण टाकली, त्याची जोडी जाऊन वर्षही झालं नाही, त्याला "गोठा रिकामाच आहे, मी घेते" हे वाक्य कसं लागलं असेल? त्याला तो रिकामा दिसत नसेल. म्हणून पुन्हा विचारताना जागा मागू नका, मदत मागा. "नाना, पाऊस यायच्या आत धाब्यावर माती टाकायला लागेल ना? कुठल्या कोपऱ्यात गळतं?" हे त्यांच्याएवढं कुणालाच ठाऊक नाही. वारा कुठून येतो, भिंत कुठे पोकळ आहे, सानं कधी बुजवलं, सगळं तेच सांगतील. गवंडी त्यांना आणू द्या, माती त्यांच्या देखरेखीखाली चोपून होऊ द्या. दोन खुंट्यांपैकी एक तसाच राहू द्या, तुमच्या चित्राच्या आड येणार नाही. संध्याकाळी ते सवयीनं तिथे येऊन बसले तर बसू द्या, फक्त किल्ली एकच असावी आणि ती तुमच्या कमरेला असावी, हे पहिल्या दिवशीच प्रेमानं सांगून टाका.

पोळ्याला मातीची जोडी याच गोठ्यात नानांच्या हातून पुजून घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला कॅनव्हास आत न्या. लहान नको, ४ बाय ५ चाच न्या.